किल्ला नसलेल्या जिल्ह्यातलं इतिहास मंडळ

महाराष्ट्रात इतिहास मंडळ काढायचं तर आधी किल्ला लागतो. किल्ला असला की बाकीचं आपोआप जमून येतं. ट्रेकवाली पोरं येतात, झेंडे येतात, तोफेवर बसून काढलेले फोटो येतात, संवर्धनाचं निवेदन निघतं आणि ते साहेबांच्या हातात देतानाचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतो. आमच्या वर्धा जिल्ह्याची पंचाईत इथूनच सुरू होते. गढ्यांचे ढिगारे आहेत, पवनारला एक जुना दरवाजा उभा आहे; पण शाळेची सहल न्यावी आणि पोरांनी घसा बसेस्तोवर जयजयकार करावा, असा किल्ला नाही. शेजारी बघावं तर चंद्रपूरला गोंड राजांचा परकोट, नागपूरला भोसले, पवनीला स्तूप. आणि आमचं वर्धा शहरच मुळी १८६६ चं. त्याआधी या जागी पालकवाडी नावाचं खेडं होतं. जिल्हा १८६२ साली झाला, तेव्हा त्याचं मुख्यालय पुलगावजवळच्या कवठ्याला होतं. माझ्या सासूबाई त्यांच्या माहेरची पितळेची गुंडी शहरापेक्षा जुनी आहे असं सांगत, आणि त्यांच्याशी वाद घालायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

तरीही आमचं मंडळ आहे. रविवारी सकाळी माझ्याच ओसरीवर जमतं. नोंदणी केलेली नाही, कारण नोंदणीला नाव लागतं आणि नाव ठरवायला बसलो की फूट पडते. वाकाटकांचं नाव द्यावं म्हणणारे एकीकडे, गांधी-विनोबांचं द्यावं म्हणणारे दुसरीकडे, आणि ‘नाव कायले पाह्यजे, चहा आणा’ म्हणणारे बहुमतात. माझं अक्षर बरं म्हणून इतिवृत्त माझ्याकडे आलं. चाळीस मुलांच्या वह्या तपासत नोकरी केलेल्या बाईला सात म्हाताऱ्यांचं बोलणं लिहून घेणं जड जाऊ नये, अशी सर्वांची समजूत. मुलं निदान एका वेळी एक खोटं बोलायची. वहीतली एक नमुन्याची नोंद अशी: ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले. पोह्यांवर तर्री कमी असल्याबद्दल नापसंतीचा ठराव. इतर विषय वेळेअभावी पुढे ढकलले.’

मंडळाचे आधारस्तंभ गुरुजी. पवनारकडच्या शाळेतून निवृत्त झालेले. त्यांचं आयुष्य एका दाव्यावर उभं आहे: वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर म्हणजे आपलं पवनार. हा दावा गुरुजींचा नव्हे, महामहोपाध्याय वा. वि. मिराशींचा, पण गुरुजी तो सातबाऱ्यावर नाव चढल्यासारखा सांगतात. प्रवरसेन हा साधासुधा राजा नव्हता. त्याने ‘सेतुबंध’ हे काव्य लिहिलं, तेही महाराष्ट्री प्राकृतात. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी धाम नदीच्या काठी बसून एक राजा आपल्या भाषेच्या पणजीत लिहीत होता, हे ऐकलं की माझ्यासुद्धा अंगावर मूठभर मांस चढतं. सगळं सुरळीत चाललं होतं. मग १९९० च्या दशकाच्या अखेरीस रामटेकजवळच्या मनसरला मोठं उत्खनन झालं, आणि तिथल्या संशोधकांनी सांगितलं की प्रवरपूर ते हेच. तेव्हापासून गुरुजी मनसर हा शब्द उच्चारत नाहीत. ‘त्या तिकडलं गाव’ म्हणतात. मुलगी जबलपूरला दिलेली, रस्ता मनसरवरून जातो. गुरुजी त्या टप्प्यात डोळे मिटून जप करतात असं त्यांच्या सौभाग्यवती सांगतात.

पवनारच्या बाजूने गुरुजींचा हुकमी साक्षीदार म्हणजे विनोबा. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्यात राम-भरत भेटीचं चित्र कसं असावं, याचं वर्णन येतं. पुढे १९३८ मध्ये प्रकृती सुधारायला म्हणून विनोबा पवनारला राहायला आले आणि जमीन खणू लागले. खणता खणता एक शिल्प लागलं: राम-भरत भेटीचं. मग आणखी मूर्ती निघाल्या. आज परंधाम आश्रमात गेलात तर वाकाटक काळातली ही शिल्पं भिंतींत बसवलेली दिसतात, आणि त्यांच्यासमोरच्या अंगणात धान्य निवडणं चालू असतं. पुरातत्त्ववाल्यांना खड्डा घ्यायला परवानग्या लागतात, ब्रश लागतात, दोरीने चौकटी आखाव्या लागतात. विनोबांनी कुदळ घेतली. ‘आता तुम्हीच सांगा,’ गुरुजी आवाज चढवतात, ‘मूर्ती कोठी निघाल्या? पवनारले ना? मंग?’ या ‘मंग’ला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. दिलं तर पुढच्या रविवारी पोहे गुरुजींच्या घरून येणार नाहीत.

खजिनदार काकाजी. एका बँकेत रोखपाल होते. मंडळाच्या शिल्लक रकमेला पाकीट पुरतं, पण काकाजी तिची रोजकीर्द ठेवतात. त्यांचं दैवत गांधी नव्हे, विनोबा नव्हे. त्यांचं दैवत जे. सी. कुमारप्पा. लंडनला शिकलेला सनदी लेखापाल, सुटाबुटातला माणूस, खादी घालून मगनवाडीत झोपडीवजा घरात येऊन राहिला, यात काकाजींना फारसं नवल वाटत नाही. त्यांना भावतो तो १९३४ च्या बिहार भूकंपाचा किस्सा. मदतनिधीचे हिशेब कुमारप्पांकडे होते. गांधीजी पाटण्याला आले आणि त्यांना भेटायचं म्हणाले. कुमारप्पांनी निरोप दिला म्हणतात की आधी वेळ ठरलेली नाही, मी हिशेबात आहे, आज जमायचं नाही. वर हेही बजावलं की तुमच्या लोकांचा खर्च या निधीतून होणार नाही. हा किस्सा सांगताना काकाजींचे डोळे पाणावतात. राम-भरत भेटीपेक्षा त्यांना ही न झालेली भेट अधिक उदात्त वाटते. एकदा मी चहापत्तीच्या पावतीवर तारीख लिहायला विसरले, तर ‘बाई, कुमारप्पा असते तर?’ एवढंच म्हणाले. कुमारप्पा नाहीत आणि मी आहे, हे मी मनातच म्हटलं.

तिसरा आमचा पोट्टा. पंचविशीचा आहे, इंजिनीअर आहे, स्पर्धा परीक्षा देतो आहे, म्हणून रविवारी मोकळा असतो; बाकीचे दिवसही मोकळाच असतो. तो मोबाइलवर इतिहासाच्या रीळ करतो. बाकी मंडळी येतात-जातात, निवृत्तिवेतनाचा दिवस असला की जास्त येतात.

वर्ध्याला आलेला पाहुणा सेवाग्रामला जातो, पवनारला जातो, वेळ उरला तर गोपुरीच्या गीताई मंदिरात दगडांवर कोरलेले अठरा अध्याय बघून येतो आणि गाडी धरण्याआधी गोरसपाक घेतो. मगनवाडीत मगन संग्रहालय बघायला जातो तो खरा चिकित्सक, किंवा ज्याची गाडी लेट आहे असा. मला मात्र जिल्ह्यातली सगळ्यात गमतीची जागा तीच वाटते. गावातल्या गावात आहे, जमनालाल बजाजांनी आपली बाग आणि घर ग्रामोद्योग संघाला देऊन टाकलं तिथे. मगनलाल गांधी हे गांधीजींचे पुतणे, खादीचं तंत्र ज्यांनी मुळापासून शिकून घेतलं ते. १९२८ साली पाटण्याला वारले. त्यांच्या नावाच्या या संग्रहालयाचं उद्घाटन ३० डिसेंबर १९३८ ला खुद्द गांधीजींनी केलं. आत चरखे आहेत, किती तऱ्हांचे ते विचारू नका. खादी आहे, मडकी आहेत, हातकागद आहे, घाणे आहेत, आणि वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप आहे, जो रॉकेलच्या कंदिलाची खोड मोडायला निघाला होता.

आणि गंमत ही की या संग्रहालयात जुनी वस्तू ठेवायची कल्पनाच नव्हती. १९३८ साली तिथली प्रत्येक वस्तू नवी होती. सुधारलेला चरखा, सुधारलेला घाणा, धूर कमी करणारी चूल. खेड्यातल्या माणसानं यावं, बघावं, ‘हे आपल्या सुताराकडून करून घेता येईल’ म्हणावं आणि घरी जावं, असा तो बेत. उद्याचं प्रदर्शन होतं ते. काळ पुढे निघून गेला, प्रदर्शन जागच्या जागी राहिलं, आणि कधीतरी एका पाहुण्याने काचेवर नाक लावून म्हटलं असणार, ‘बाप्पा, किती जुनं!’ त्या क्षणी उद्याचं काल झालं. संग्रहालयाला कुणी कळवलं नाही.

आता पुन्हा उलटी फिरली आहे. माझी पुण्याची भाची लाकडी घाण्याचं करडईचं तेल मागवते; त्या बाटलीच्या किमतीत माझ्या माहेरी महिन्याचा किराणा यायचा. नैसर्गिक रंगाची खादी आता मगनवाडीतही हौसेने घेतली जाते. मातीच्या मडक्यातलं दही हॉटेलात वेगळ्या दराने मिळतं. भाचीला मी संग्रहालयात नेलं तर ती म्हणाली, ‘मावशी, हे सगळं आमच्या सोसायटीत ट्रेंडिंग आहे.’ कुमारप्पांना हे ऐकून बरं वाटलं असतं की त्यांनी आधी भेटीची वेळ मागितली असती, सांगता येत नाही.

चरख्यांपुढे काकाजी हटकून थांबतात आणि बक्षिसाची गोष्ट सांगतात. १९२९ साली चरखा संघाने जाहीर केलं होतं की सुधारलेला चरखा करून दाखवील त्याला १ लाख रुपये. अटी मात्र कुमारप्पांनाही शोभतील अशा: किंमत १५० रुपयांच्या आत, घरात बसून चालवता यावा, आणि २० वर्षं टिकावा. त्या काळचे १ लाख! भल्याभल्यांनी डोकं लढवलं, बक्षीस कुणालाच मिळालं नाही. ‘म्हणजे १ लाख वाचले,’ काकाजी समाधानाने म्हणतात. आमच्या घरातल्या मिक्सरला वॉरंटीची तारीख पाठ होती, हे मला त्या वेळी हमखास आठवतं.

आमच्या मंडळाचंही छोटंसं संग्रहालय आहे. त्याची जागा म्हणजे माझ्या गच्चीवरची खोली, जिथे आधी पापड वाळायचे. ते कसं सुरू झालं हे इतिवृत्तात नाही. लोकच आणून देऊ लागले. घरात जी वस्तू टाकवत नाही, विकत कुणी घेत नाही आणि सुनेला दिसली की भांडण होतं, ती ऐतिहासिक असते, हे आमच्या लोकांना कुणीही न शिकवता कळलं. मोडकं शिवणयंत्र आलं. कुणाच्या तरी आजोबांची तसबीर आली, नातवाने नाव सांगितलं नाही, म्हणाला ‘तुम्ही संशोधन करा’. रेचा आला, पायली आली, तिफणीचं नळं आलं. एक व्हीसीआर आला. मी म्हटलं, भाऊ, हा इतिहास नाही. तो म्हणाला, ‘बाई, याच्यावर अख्ख्या मोहल्ल्यानं महाभारत पाह्यलं आहे. महाभारत इतिहास नाही का?’ गुरुजींनी मान डोलावली आणि व्हीसीआर दाखल झाला.

आणि वर्ध्यात वस्तू दिली म्हणजे तिच्याबरोबर गांधीजी येतातच. चष्म्याच्या घरापासून पानाच्या डब्यापर्यंत सगळ्याला बापूंचा हात लागलेला. दुसऱ्या गावात हे थापा म्हणून सोडून देता येतं. इथे येत नाही, कारण गांधीजी खरोखरच इथे राहत होते. ३० एप्रिल १९३६ ला ते शेगावला आले. त्या शेगावची टपाल बुलढाण्याच्या शेगावला, गजानन महाराजांच्या गावी जाऊ लागली, म्हणून १९४० मध्ये नाव बदलून सेवाग्राम झालं. तिकडे कुणा भक्ताला नवसाच्या उत्तरादाखल उपोषणाचा सल्ला पोचला असेल का, ही शंका मी मंडळात काढली होती; ती वहीत घ्यायची नाही असं ठरलं. शिवाय हरिजन दौरा ७ नोव्हेंबर १९३३ ला वर्ध्यातूनच निघाला होता. त्या दौऱ्यात गांधीजी सही द्यायचे तर ५ रुपये घ्यायचे, आणि लोकांनी मानपत्र दिलं, चांदीची पेटी दिली, की तिथल्या तिथे व्यासपीठावरच लिलाव पुकारायचे. सगळा पैसा हरिजन निधीला. तेव्हा एखादा गृहस्थ ‘आजोबानं लिलावात घेतला होता जी’ म्हणून डबा पुढे करतो, तेव्हा ‘शक्य नाही’ म्हणायची सोय राहत नाही. काकाजी नोंदीत लिहितात: ‘डबा एक, गांधीजींचा (देणाऱ्याच्या मते), झाकण नाही.’

गिरडच्या दगडांनी मात्र आम्हाला टेकीला आणलं. समुद्रपूर तालुक्यात गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. दोन बंजारे माल घेऊन चालले होते, त्यांनी बाबांची टिंगल केली, तर बाबांनी त्यांचा सगळा माल दगडाचा करून टाकला, अशी कथा. टेकडीवर खरोखर नारळासारखे, सुपारीसारखे गोल गोल दगड सापडतात. भूगर्भवाले सांगतात की काळ्या खडकाच्या पोकळ्यांत तयार झालेले हे झिओलाइटचे गोटे आहेत. दोन्ही गोष्टी आम्ही चिठ्ठीवर लिहिल्या, म्हणजे कुणी दुखावणार नाही. पण गिरडला गेलेला प्रत्येक जण येताना एक दगड आणतो, घरी ठेवायला भितो आणि मंडळाला देतो. खोलीतलं निम्मं वजन आज दगडी नारळांचं आहे. स्लॅब उतरेल की काय, या काळजीने आमचे हे रात्री गच्चीवर जाऊन पाऊल आपटून बघतात.

एका रविवारी पोट्टा म्हणाला, चला हिंगणघाटला. तिथे विल्यम लॅम्बटनची कबर आहे, त्याला रीळ करायची होती. लॅम्बटन म्हणजे ज्याने १८०२ साली मद्रासजवळ पहिली पायारेषा मोजली आणि हिंदुस्थानच्या पोटातून त्रिकोणावर त्रिकोण टाकत उत्तरेकडे निघाला तो. त्याचं थिओडोलाइट अर्ध्या टनाचं होतं. १८०८ साली तंजावरच्या देवळाच्या शिखरावर चढवताना दोर तुटून ते आपटलं, तर यानं स्वतः बसून दुरुस्त केलं. वीस वर्षं हा माणूस मोजत होता. हैदराबादेहून नागपूरकडे निघाला आणि २० जानेवारी १८२३ ला हिंगणघाटला वाटेतच गेला.

आम्ही चहाच्या टपरीवर चौकशी केली. टपरीवाला म्हणाला, ‘लॅम्बटन? जिनिंगवाले का जी?’ त्याचंही बरोबर. एके काळी लिव्हरपूलच्या बाजारात कापसाला हिंगणघाटचं नाव होतं; गावात इंग्रजी नाव ऐकू आलं की जुनी माणसं जिनिंगच समजतात. गुरुजी म्हणाले, ‘नाही हो, मोजणीवाले.’ ‘मोजणीवाले?’ तो माणूस गल्ल्यावरून उठून बाहेर आला. ‘मंग बसा न. माह्या शेताची हद्द अजून ठरली नाही. साहेब कधी भेटते?’ गुरुजींनी सांगितलं की साहेब दोनशे वर्षांपूर्वी वारले. तो जरा थांबला आणि म्हणाला, ‘हे बी तसंच झालं म्हनजे.’

लॅम्बटनच्या हाताखाली १८१८ पासून एक मदतनीस होता. साहेब गेल्यावर काम त्याच्याकडे आलं. त्याचं नाव जॉर्ज एव्हरेस्ट. पुढे १८६५ मध्ये जगातल्या सगळ्यात उंच शिखराला त्याचं नाव दिलं गेलं, त्याला स्वतःला ते फारसं पसंत नसतानाही. हाताखालच्याला हिमालय आणि साहेबाला हिंगणघाट. नोकरी केलेल्या आम्हा सगळ्यांना यात काही विशेष वाटलं नाही. काकाजी तर म्हणाले, निवृत्तीच्या आधी गेला, उपदानाचं काय झालं असेल बिचाऱ्याच्या.

परत आलो तर माझ्या ओसरीवर एक पेटी चरखा येऊन पडला होता. यरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी ज्याच्यावर हात बसवला, तो हा प्रकार. घडी केली की दप्तराएवढी पेटी. पोट्ट्याने मोबाइलवर बघून तो जुळवायचा चंग बांधला. मोठं चाक, धाकटं चाक, दोन्हींवरून फिरणारी माळ, आणि टोकाला चात. तासभर खटपट केली. चात फिरेना, फिरली तर सूत निघेना, निघालं तर तुटे. सगळे भोवती उभे राहून सल्ले देत होते, मी धरून. शेवटी समोरच्या घरातल्या आजी काठी टेकत आल्या. नव्वदीच्या आहेत, लहानपणी बुनियादी शाळेत शिकलेल्या. वर्ध्यातच १९३७ च्या ऑक्टोबरात शिक्षण परिषद भरली आणि नयी तालीम निघाली, तिची ही पिकलेली विद्यार्थिनी. त्यांनी चष्मा पुसला, माळेला पीळ देऊन ती ताणून घेतली, चातीला खोबरेल तेलाचं बोट लावलं आणि पोट्ट्याच्या हातातला पेळू काढून घेतला. ‘दाबू नको. सुरवंट धरल्यावानी धर.’ उजव्या हाताने चाक फिरलं, डावा हात खांद्यामागे लांब गेला, आणि सूत असं निघत आलं की गुरुजीसुद्धा गप्प बसले.

पोट्ट्याने मोबाइल पुढे केला. ‘आजी, सांगा न, काय वाटते? जुने दिवस आठवत असतील?’

‘मले हे कताई कधी आवडेच नाही,’ आजी म्हणाल्या. चाक चालूच. ‘रोज देवाले म्हनो, आज माळ तुटू दे. तुटली की गुरुजी नवीन देत. त्याहिच्याजवळ लय माळा होत्या.’

ती रीळ पोट्ट्याने टाकली नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ९६ वं साहित्य संमेलन वर्ध्यात भरलं, तेव्हा मंडळाला आपलं प्रदर्शन लावायची उबळ आली होती. याआधी १९६९ साली पु. शि. रेगे अध्यक्ष असताना ते इथे झालं होतं. गुरुजी तेव्हा मांडवात पाणी वाटायला होते आणि हे ते अध्यक्षपद भूषवल्याच्या सुरात सांगतात. या वेळी त्याच दिवसांत विद्रोही संमेलनही वर्ध्यातच होतं. मंडळ दोन्हीकडे हिंडलं. कुठे जेवण चांगलं होतं ते वहीत लिहायचं नाही असा ठराव झाला, एकमताने. प्रदर्शन काही लागलं नाही, कारण दगडी नारळ खाली उतरवायला कुणी तयार नव्हतं.

खोली भरत चालली आणि घरातून कुरबुर वाढली, तेव्हा मी विषय काढला की काहीतरी कमी करायला हवं. या गावात तरी वस्तू साठवण्याचा सोस बरा दिसत नाही. सेवाग्रामच्या बापूकुटीत जाऊन बघा: बैठक, काठी, साप धरून दूर सोडायचा लाकडी चिमटा, आणि व्हाइसरॉय लिनलिथगोनं बसवून दिलेला टेलिफोन, जो बापडा त्या घरात सगळ्यात श्रीमंत दिसतो. एवढंसं सामान, तरी त्यातला चष्मा चोरीला गेल्याची बातमी २०११ मध्ये आलीच. त्याआधी मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कला गांधीजींच्याच दुसऱ्या चष्म्याचा, चपलांचा, घड्याळाचा आणि ताट-वाटीचा लिलाव झाला. १८ लाख डॉलर मोजून ते सगळं घेतलं विजय मल्ल्यांनी. आमचा जिल्हा १९७० च्या दशकापासून दारूबंदीचा. ही बातमी आली त्या दिवशी कितीतरी जणांनी शेजारच्या जिल्ह्यात जाऊन तिच्यावर विचार केला म्हणतात.

‘लिलाव!’ गुरुजी एकदम म्हणाले. ‘बापूंनी केला, आपण काहून करू नये?’

काकाजींना कल्पना पटली, कारण तिच्यात जमेची बाजू होती. पुढच्या रविवारी ओसरीत सतरंजी घातली, वस्तू ओळीने मांडल्या, आणि मोहल्ल्यात निरोप दिला. भंगारवाला हातगाडी घेऊन सगळ्यांच्या आधी येऊन बसला. खरं सांगायचं तर आमच्या भागातला तोच खरा जाणकार. पायली पितळेची की नुसता मुलामा, हे तो दुरून सांगतो. गुरुजी पुकारायला उभे राहिले. रेच्याचे चाळीस रुपये आले. बिनझाकणाच्या डब्याला ‘बापूंच्या हातचा’ म्हणून पुकारा झाला, तेव्हा दोन घरांतून एकदम आवाज आला की तो डबा मूळचा आमचाच. बोली चढत चढत तीनशेवर गेली. देणाऱ्या गृहस्थाने इतका वेळ पाहिलं आणि मग स्वतःच साडेतीनशे ओरडून आपला डबा परत घेतला.

मग व्हीसीआर निघाला. भंगारवाल्याने पन्नास म्हटलं. व्हीसीआरचा मूळ मालक मागे उभा होता, त्याला ते लागलं. ‘पन्नास? याच्यावर महाभारत पाह्यलं आहे!’ म्हणत त्याने शंभर केले. भंगारवाला एकशेवीस, तो दोनशे. दोनशेला सुटला. त्याची बायको दारात येऊन उभी राहिली होती; ती काहीच बोलली नाही, म्हणून आम्ही पटकन पुढची वस्तू काढली. शिवणयंत्र ज्याचं त्यानेच नेलं. आजोबांची तसबीर नातवाने नेली, शेजाऱ्याने बोली लावल्यावर त्याला आजोबांचं नावही आठवलं. पेटी चरखा आजींनी घेतला. मला आश्चर्य वाटलं. म्हणाल्या, ‘पोट्ट्याच्या हाती राह्यला तं मोडंल.’

काकाजींनी प्रत्येकाला तारखेसकट पावती फाडून दिली. दगडी नारळांना मात्र कुणी बोली लावेना. भंगारवाल्याने एक हातात घेऊन तोलला आणि हळूच खाली ठेवला. बाबांची गोष्ट त्यालाही ठाऊक होती. शेवटी गुरुजींनी जाहीर केलं, प्रत्येक खरेदीवर एक नारळ फुकट. त्याबरोबर लोकांनी खरेदीच थांबवली.